अक्काचा बूथ आणि सकाळचे दोन तास

मंडळी, गेल्या रविवारी मुलुंडला अक्काकडे जाऊन आले. अक्का म्हणजे माझी मामेबहीण. ऐंशीला टेकली आहे. तिसऱ्या वर्षी पोलिओ झाला, दोन्ही पाय गेले. लग्न केलं नाही. मामी गेल्यापासून, म्हणजे १९९३ पासून, ती एकटी राहते आहे.

मी सहज गेले नव्हते. मला कामगिरीवर पाठवलं होतं! अक्काकडे गेली सतरा वर्षं रोज सकाळी दोन तास एक बाई येतात. अंथरुणातून उठवणं, आंघोळ, कपडे, चहा, एवढं करून जातात. मग दिवसभर अक्का चाकाच्या खुर्चीत बसून आपलं आपण बघते. त्या बाई आता कायमच्या गावी चालल्या आहेत. भाचरांचं फोनाफोनी करून ठरलं की आता पुरे झालं, अक्काला एखाद्या चांगल्याशा आश्रमात ठेवू. "आत्या, तुझंच ती ऐकते, तू समजावून सांग," असं म्हणून माझी रवानगी झाली.

अंधेरीहून मेट्रोने घाटकोपर आणि तिथून लोकलने मुलुंड. ही मेट्रो ८ जून २०१४ ला सुरू झाली. स्टेशनात लिफ्ट आहे, चाकाची खुर्ची जाईल असं रुंद दार आहे, अंधांना पायाला कळाव्यात म्हणून उंचवट्याच्या पिवळ्या फरशा आहेत. माझे गुडघे कधीच संपावर गेलेत, त्यामुळे अपंगांसाठी केलेल्या लिफ्टचा सगळ्यात जास्त फायदा मीच घेते! त्याच वर्षी जानेवारीत घाटकोपरच्याच लोकलच्या फलाटावर एक शिकणारी मुलगी गाडी आणि फलाट यांच्यामधल्या फटीत पडली आणि दोन्ही हात गमावून बसली. मग उच्च न्यायालयाने रेल्वेला फलाटांच्या उंचीवरून धारेवर धरलं, तेव्हा कुठे ते काम हलू लागलं. एकाच स्टेशनात, एकाच वर्षी, सोय कशी असावी आणि नसली तर काय होतं, दोन्ही दिसलं.

गाडीत बसल्यावर मनात आलं, अक्काच्या ऐंशी वर्षांत या बाबतीत आपल्याकडे नक्की काय काय झालं? शाळेत इतिहास शिकवताना सनावळ्या पाठ करून घेतल्या, पण हा इतिहास कुठल्याच पुस्तकात नव्हता.

अक्काचा जन्म १९४६ चा. तेव्हा मुंबईत अंधांच्या शाळा होत्या. दादरची शाळा १९०० सालची, अॅना मिलार्ड नावाच्या मिशनरी बाईंनी सुरू केलेली. ताडदेवची व्हिक्टोरिया मेमोरियल १९०२ ची. पोलिओच्या मुलांसाठी मात्र फारसं काही नव्हतं. फातिमा इस्माईल यांच्या स्वतःच्या मुलीला पोलिओ झाला, आणि त्या आईने १९४७ मध्ये मुंबईत अशा मुलांच्या पुनर्वसनासाठी संस्था काढली. १९५५ साली हाजी अलीला 'ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन' ही सरकारी संस्था उभी राहिली. अक्का तेव्हा नऊ वर्षांची होती. मामा तिला खांद्यावर घेऊन मुलुंडहून दादरपर्यंत गाडीने आणि पुढे बसने हाजी अलीला नेत. तिथे तिला कॅलिपर मिळाले. कॅलिपर चढवून, कुबड्या घेऊन अक्का अंगणात पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा मामी रडल्या होत्या. मी अगदी लहान होते, पण लोखंडाचा तो खडखड आवाज अजून कानात आहे.

पण गंमत बघा, कॅलिपर मिळाले तरी जायचं कुठे? शाळेला पायऱ्या, बसला पायऱ्या, स्टेशनचा पूल म्हणजे तर डोंगरच. अक्काने घरी बसून अभ्यास केला आणि १९६४ साली बाहेरून मॅट्रिकची परीक्षा दिली. पुढे पंचवीस वर्षं घरीच शिकवण्या घेतल्या. त्या काळची समजूत अशी की उपचार डॉक्टरांनी करायचे, सांभाळायचं घरच्यांनी, आणि घरचं कोणी नसेल तर आश्रम. सरकारचा या सांभाळण्याशी संबंध नसायचा.

पुढचं पाऊल पडलं ते १९८० च्या सुमाराला. महाराष्ट्रात संजय गांधी निराधार योजना आली. १९८१ हे संयुक्त राष्ट्रांनी अपंगांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलं, आणि त्या वर्षीच्या जनगणनेत अपंग माणसं मोजली गेली. १९९१ च्या जनगणनेत पुन्हा वगळली! बरीच ओरड झाली तेव्हा २००१ ला परत मोजली. जो मोजलाच जात नाही त्याच्यासाठी पैसे कुठून बाजूला काढणार?

आता अक्काच्या आयुष्यातल्या सोनेरी पर्वाकडे येते. टेलिफोन बूथ! १९८६ साली मुंबईत एम.टी.एन.एल. आली आणि हळूहळू गल्लोगल्ली एस.टी.डी., पी.सी.ओ.च्या पाट्या लागल्या. हे बूथ देताना अपंगांना प्राधान्य असे. अक्काला १९९१ मध्ये स्टेशनजवळ बूथ मिळाला. चार फुटांची ती जागा, एक फोन, एक मीटर, एक वही. रात्री अकरानंतर दर कमी व्हायचे तेव्हा केवढी रांग लागायची! कुणाची मुलगी बडोद्याला बाळंत झाली, कुणाला नोकरीचं पत्र आलं, सगळं आधी अक्काला कळायचं. तिला कमिशन मिळायचं. आयुष्यात पहिल्यांदा महिन्याच्या महिन्याला खात्रीचे पैसे हातात येऊ लागले.

दोन वर्षांनी मामी गेल्या. तेराव्याला भावांनी विषय काढला, "आता हिचं कोण बघणार?" तेव्हा अक्का सगळ्यांसमोर म्हणाली, "मी इथेच राहणार. मला सकाळी दोन तास माणूस लागतं, बाकी काही लागत नाही. त्या माणसाचा पगार मी देईन." सगळे गप्प झाले. मी तिथेच होते. खरं सांगायचं तर मलाही तेव्हा तो हट्टीपणाच वाटला होता.

पुढे कधीतरी तिला विचारलं, भावाकडे सगळं फुकट होत असताना पगार देऊन बाई कशाला? ती म्हणाली, "अगं, वहिनीला मी 'आंघोळीचं पाणी गार आहे' असं म्हणू शकत नाही. पगारी बाईला म्हणू शकते."

फार नंतर वाचनात आलं की हेच सूत्र अमेरिकेत एका माणसाने चळवळ म्हणून मांडलं होतं. एड रॉबर्ट्स त्याचं नाव. चौदाव्या वर्षी पोलिओ झाला, मानेखालचं शरीर जवळजवळ निकामी. श्वासासाठी रात्री लोखंडी पेटीत झोपावं लागे. तरी १९६२ मध्ये बर्कलेच्या विद्यापीठात प्रवेश मिळवला आणि १९७२ साली साथीदारांबरोबर तिथे स्वतंत्र जगण्याचं केंद्र उभं केलं. त्यांचं म्हणणं साधं होतं. स्वतंत्र म्हणजे सगळं स्वतःच्या हाताने करणं नव्हे. कुणी, केव्हा, कशी मदत करायची हे आपण ठरवणं म्हणजे स्वतंत्र. स्वीडनमध्ये तर १९९४ पासून कायद्यानेच अशा मदतनिसाच्या तासांचे पैसे मिळतात. आपल्याकडे कोल्हापूरला नसीमा हुरजूक यांनी, स्वतः चाकाच्या खुर्चीवर असताना, १९८४ साली 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभी केली. त्यांचं 'चाकाची खुर्ची' हे आत्मचरित्र अक्काच्या उशाशी असतं. मुलुंडच्या अक्काने बर्कलेचं नावही ऐकलेलं नव्हतं. तिला ते आंघोळीच्या पाण्यावरून कळलं!

१९९५ चा अपंग व्यक्ती कायदा फेब्रुवारी १९९६ पासून लागू झाला. सरकारी नोकऱ्यांत ३ टक्के जागा आल्या. अक्का तेव्हा पन्नाशीची, तिला त्याचा उपयोग नव्हता. पण लोकलमधल्या अपंगांच्या डब्याचा झाला. फलाटावर हा डबा जिथे थांबतो तिथे अंधांना कळावं म्हणून बारीक टीं टीं आवाज करणारी यंत्रं आली. त्या डब्यात तिला बूथवाले, बँकेतले, खडूच्या पुड्या विकणारे असे मित्र मिळाले. कुठल्या दाखल्याला कुठे जायचं, कुणाला भेटायचं, ही सगळी माहिती त्या डब्यात मिळे. दाखल्यासाठी तिला एका दवाखान्यात चार खेपा घालाव्या लागल्या होत्या, आणि तो विभाग पहिल्या मजल्यावर होता. पाय नसल्याचा दाखला घ्यायला जिना चढायचा!

मग मोबाईल आले. आधी चैनीची वस्तू, पण २००३ नंतर येणारे कॉल फुकट झाले आणि भाजीवाल्याच्या खिशातही फोन वाजू लागला. बूथसमोरची रांग आटली. कुणी झेरॉक्सचं यंत्र लावलं, कुणी बिस्किटं ठेवली. अक्काने २००८ मध्ये बूथ बंद केला. मीटर अजून तिच्या कपाटावर आहे. हजारो अपंग माणसांचा संसार एका यंत्रावर उभा होता. ते यंत्र गेलं तेव्हा त्यांच्यासाठी दुसरं काय, याची कुणी वेळेवर चिंता केली नाही.

यानंतरचा इतिहास बराचसा कागदावरचा आहे, पण महत्त्वाचा आहे. ऑक्टोबर २००७ मध्ये भारताने संयुक्त राष्ट्रांचा अपंगांच्या हक्कांचा करार मान्य केला. त्याचं १९ वं कलम म्हणतं की कुठे आणि कुणाबरोबर राहायचं हे निवडण्याचा हक्क अपंग माणसाला इतरांइतकाच आहे. त्यावरून आपला २०१६ चा नवा कायदा झाला. अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ झाले, नोकऱ्यांतल्या जागा ४ टक्के झाल्या. पण मला महत्त्वाचं वाटलं ते त्याचं ५ वं कलम. कुणालाही ठरावीक ठिकाणीच राहण्याची सक्ती होऊ नये आणि घरी, समाजात राहण्यासाठी वैयक्तिक मदतनिसासकट सेवा मिळाव्यात, यासाठी सरकारने प्रयत्न करावा असं त्यात लिहिलं आहे. ज्यांना जास्त आधार लागतो त्यांच्यासाठी ३८ वं कलम आहे, आणि २४ व्या कलमात काळजीवाहकाच्या भत्त्याचाही उल्लेख आहे. म्हणजे अक्काचे सकाळचे दोन तास कायद्यात आले, मंडळी! ती तेराव्याला जे बोलली ते तेवीस वर्षांनी संसदेने लिहिलं.

नावंही बदलत गेली. आमच्या लहानपणी 'पांगळी', मग 'अपंग', आणि २०१५ च्या डिसेंबरात पंतप्रधानांनी रेडिओवर 'दिव्यांग' हा शब्द सुचवला. ३ डिसेंबर २०२२ ला महाराष्ट्रात स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागही झाला. २०२५ मध्ये दिव्यांगांचं मासिक अनुदान दीड हजारावरून अडीच हजार करण्याचा निर्णय झाला. वाढ झाली हे चांगलंच. पण अक्का त्या बाईंना महिना साडेचार हजार देते. हिशेब तुम्हीच करा. त्या दोन तासांसाठी माणूस शोधणं, शिकवणं, आजारी पडलं तर बदली देणं, हे अजून अक्काच्या वहीवर आणि शेजाऱ्यांच्या चांगुलपणावर चाललं आहे.

असो. तर मी अक्काकडे पोचले. चहा झाला. मी आश्रमाचा विषय काढायला तोंड उघडलं तेवढ्यात तीच म्हणाली, "तुला कशाला पाठवलंय ते मला कळलंय. एक काम कर. माणूस शोधायला मदत कर. माझं ठरवून टाकायला मदत नको." आणि वही पुढे केली. त्यात तिने तीन बायकांची नावं लिहून ठेवली होती, कोण कुठे राहते, कोणाला किती वाजता जमेल, सगळं. बूथच्या वहीसारखंच, आखून!

त्यातल्या दोघींना मी तिथूनच फोन लावले. एक बाई सोमवारपासून येऊन बघते म्हणाल्या. निघताना अक्काच्या इमारतीच्या दाराशी थांबले. तीन पायऱ्या आहेत. उतार नाही. इतकी वर्षं मी त्या चढते आहे, पण मोजल्या पहिल्यांदाच. त्या तीन पायऱ्यांमुळे अक्का गेले आठ महिने रस्त्यावर उतरलेली नाही.

तेव्हा भाचरांनो, तुम्ही हे वाचत असालच. आत्याची कामगिरी फसली असं समजा. आश्रमासाठी जे पैसे काढायचं ठरवलं होतं त्यातून नव्या बाईंच्या पगारातला थोडा भार उचला, आणि सोसायटीच्या पुढच्या सभेला दोघांनी येऊन त्या पायऱ्यांशेजारी उतार करण्याचा विषय मांडा. अर्ज मी लिहून ठेवला आहे. अक्काने त्यातल्या शुद्धलेखनाच्या दोन चुका काढल्या, त्या दुरुस्त केल्या आहेत.