बेगम बाजार ते तार्नाका : फ्रेंचच्या विद्यापीठीय शिक्षणाची ओळख

हैदराबादेत मुसी नदीच्या उत्तर तीरावर, अफझलगंजच्या बाजूला, बेगम बाजार ही घाऊक व्यापाराची जुनी पेठ आहे. किराणा, सुकामेवा, मसाले आणि तांब्या-पितळेची भांडी यांच्या दुकानांनी तिच्या अरुंद गल्ल्या गजबजलेल्या असतात. दुसरा निजाम अली खान याची पत्नी हमदा बेगम हिने व्यापाऱ्यांना दिलेल्या जमिनीवर ही पेठ वसली आणि म्हणून तिला हे नाव पडले, असे सांगितले जाते. दखनी, तेलुगू, मारवाडी, गुजराती आणि मराठी या भाषा येथे पिढ्यान्पिढ्या एकमेकींशेजारी नांदत आल्या आहेत. निजाम अलीच्याच कारकिर्दीत या शहरात आणखी एक भाषा वावरत होती आणि ती होती फ्रेंच. तिचा येथील इतिहास आज बहुतेकांना ठाऊक नाही. मात्र फ्रेंच भाषा विद्यापीठात का शिकावी, या प्रश्नाचे एक उत्तर त्या इतिहासात सापडते.

दक्षिणेतील फ्रेंचांचा वावर

अठराव्या शतकाच्या मध्यास पुदुच्चेरीहून आलेला फ्रेंच सेनानी बुसी १७५१ ते १७५८ या काळात निजामाच्या दरबारी प्रभावी होता. त्याच्या पद्धतीने कवायत शिकलेला इब्राहिमखान गारदी पुढे मराठ्यांच्या सेवेत आला आणि १७६१ मध्ये पानिपतावर मराठ्यांच्या तोफखान्यासह लढला. ‘गारदी’ या शब्दाची व्युत्पत्तीही फ्रेंच ‘गार्द’ या शब्दाशी जोडली जाते.

निजाम अलीच्या पदरी असलेला मिशेल जोआकीम मारी रेमों हा यापुढचा महत्त्वाचा फ्रेंच अधिकारी. बेगम बाजारापासून फार दूर नसलेल्या ‘गनफाउंड्री’ या भागाचे नाव त्याने उभारलेल्या तोफांच्या कारखान्यावरून पडले. ११ मार्च १७९५ रोजी खर्ड्याच्या लढाईत रेमोंच्या कवायती पलटणी निजामाच्या बाजूने मराठ्यांविरुद्ध उभ्या होत्या. त्याच रणांगणावर शिंद्यांच्या कवायती फौजेचे नेतृत्व पेरों या फ्रेंच अधिकाऱ्याकडे होते. मराठी माणूस ज्या लढाईला पेशवाईचा शेवटचा मोठा विजय मानतो, तिच्या दोन्ही बाजूंना फ्रेंचमध्ये विचार करणारे सेनानी होते.

रेमों मार्च १७९८ मध्ये मरण पावला. त्याच वर्षी निजामाने इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला आणि ऑक्टोबरमध्ये रेमोंच्या पलटणी निःशस्त्र करण्यात आल्या. हैदराबादच्या दरबारातून फ्रेंचांचे पाऊल मागे पडले. शहराच्या पूर्वेकडे एका टेकाडावर रेमोंची समाधी आजही उभी आहे आणि ‘मुसारामबाग’ हे वस्तीचे नाव रेमोंच्या लोकांच्या तोंडी रुळलेल्या नावावरून आले, असे मानले जाते.

या साऱ्या घडामोडींची मराठीतील हकिगत प्रामुख्याने मोडी कागदपत्रे, फारसी अखबार आणि इंग्रजी दप्तरे यांच्या आधारे लिहिली गेली. फ्रेंच पत्रव्यवहार, प्रवासवर्णने आणि वसाहतींची दप्तरे यांचा वापर त्या मानाने कमी झाला. फ्रान्सच्या जुन्या वसाहतींची कागदपत्रे आज एक्स-आं-प्रोव्हांस येथील अभिलेखागारात अभ्यासकांसाठी उपलब्ध आहेत. ती वाचण्यासाठी बोलण्यापुरते फ्रेंच पुरत नाही. जुन्या गद्याची वळणे आणि त्या काळचे संदर्भ कळावे लागतात. हे शिक्षण मुख्यतः विद्यापीठातच मिळते.

हैदराबादचे भाषा विद्यापीठ

बेगम बाजारातून शहराच्या ईशान्येकडे गेल्यास तार्नाका परिसरात उस्मानिया विद्यापीठाला लागून इंग्रजी आणि विदेशी भाषा विद्यापीठ आहे. १९५८ मध्ये इंग्रजीच्या शिक्षकांना प्रशिक्षण देणारी मध्यवर्ती संस्था म्हणून त्याचा आरंभ झाला. १९७२ मध्ये विदेशी भाषांचा समावेश होऊन संस्थेचे नाव बदलले, १९७३ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि २००७ मध्ये ती केंद्रीय विद्यापीठ झाली. लखनौ आणि शिलाँग येथेही या विद्यापीठाची संकुले आहेत. फ्रेंचबरोबर जर्मन, रशियन, स्पॅनिश, अरबी, जपानी अशा अनेक भाषा येथे शिकविल्या जातात.

येथील पदवी अभ्यासक्रमासाठी आधीपासून फ्रेंच येणे आवश्यक नसते. विद्यार्थी मुळाक्षरांपासून आरंभ करतो आणि काही वर्षांत त्याच भाषेत निबंध लिहिण्याइतकी तयारी करतो. पदव्युत्तर वर्गासाठी मात्र फ्रेंचमधील पदवी किंवा तिच्या तोडीची तयारी लागते. नोकरी करणाऱ्यांसाठी अर्धवेळ प्रमाणपत्र आणि पदविका अभ्यासक्रम आहेत. प्रवेशपरीक्षेचे नियम वेळोवेळी बदलतात. म्हणून अर्ज करण्यापूर्वी विद्यापीठाची चालू वर्षाची अधिसूचना पाहणे इष्ट.

भाषावर्ग आणि पदवी यांतील भेद

पालकांच्या मनात येथे बहुधा गोंधळ असतो. भाषावर्गांतील प्रगती युरोपीय चौकटीनुसार सहा पायऱ्यांनी मोजली जाते : ए१, ए२, बी१, बी२, सी१ आणि सी२. पहिल्या चार पायऱ्यांसाठी ‘डेल्फ’ आणि शेवटच्या दोन पायऱ्यांसाठी ‘डाल्फ’ ही फ्रान्सच्या शिक्षण मंत्रालयाची प्रमाणपत्रे असतात. ती कायमची ग्राह्य असतात. फ्रान्समधील फ्रेंच माध्यमाच्या पदवी अभ्यासक्रमांसाठी साधारणपणे बी२ ही पातळी मागितली जाते.

ही प्रमाणपत्रे भाषेवरील पकड मोजतात. पदवीचा हेतू याहून व्यापक असतो. भाषेचा इतिहास, ध्वनिविचार, साहित्याचे कालखंड, फ्रान्सचा सामाजिक व राजकीय इतिहास, अनुवादाचा सिद्धान्त आणि सराव, अध्यापनशास्त्र असे विषय तीत येतात. प्रमाणपत्र असलेला विद्यार्थी वर्तमानपत्र वाचू शकतो. पदवीच्या विद्यार्थ्याकडून मात्र ते वर्तमानपत्र कोणत्या भूमिकेतून लिहिले आहे, हेही ओळखण्याची अपेक्षा असते. दोन्ही वाटा उपयुक्त आहेत आणि अनेक विद्यार्थी पदवीच्या जोडीने डेल्फही देतात. मात्र एक दुसरीची जागा घेऊ शकत नाही.

मराठी विद्यार्थ्याची जमेची बाजू

फ्रेंच अवघड आहे, असा समज आहे. तो काही अंशी खराही आहे. लेखन आणि उच्चार यांत मोठे अंतर असते, शब्दांच्या शेवटची कितीतरी व्यंजने उच्चारली जात नाहीत आणि क्रियापदांची रूपे पाठ करावी लागतात. तरीही मराठी विद्यार्थी इंग्रजी माध्यमातून फ्रेंच शिकत असला, तर त्याने आपली मातृभाषा बाजूला ठेवू नये. पुष्कळ ठिकाणी तीच अधिक कामाला येते.

निर्जीव वस्तूंनाही लिंग असते, ही गोष्ट इंग्रजीभाषकाला विचित्र वाटते. मराठी माणसाला ‘तो दगड’, ‘ती भिंत’ यांची सवय असते. विशेषणाने नामाप्रमाणे रूप बदलावे, हेही ‘काळा घोडा, काळी गाय’ म्हणणाऱ्याला नवे नाही. ‘तू’ आणि ‘व्हू’ यांतील भेद ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांच्यासारखाच आहे. ‘त्याने पोळी खाल्ली, त्याने आंबा खाल्ला’ या वाक्यांत क्रियापद कर्माप्रमाणे बदलते. फ्रेंच भूतकाळातही कर्म आधी आले की धातुसाधित रूप त्या कर्माच्या लिंगवचनाशी जुळवून घेते. हा नियम शिकविताना शिक्षकांचा बराच वेळ जातो, पण मराठी व्याकरणाशी तुलना केल्यास तो लवकर उमगतो.

फ्रेंचमध्ये ऐंशीसाठी ‘चार विसा’ अशा अर्थाचा शब्द आहे. खेड्यापाड्यांतून ‘तीन विसा’, ‘चार विसा’ असे मोजणारी आणि जुन्या बाजारांत वीस नगांना ‘कोडी’ म्हणणारी मराठी त्याला हसणार नाही. अनुनासिक स्वरांच्या बाबतीत गोमंतकीय विद्यार्थ्याचा आणखी एक लाभ आहे. कोकणीत हे स्वर आजही जिवंत असल्याने फ्रेंचमधील नाकातले स्वर त्याच्या कानाला आणि जिभेला परके वाटत नाहीत.

साहित्य म्हणजे केवळ पॅरिस नव्हे

विद्यापीठीय अभ्यासक्रमात सतराव्या शतकातील मोलिएर आणि रासिन, अठराव्या शतकातील व्हॉल्तेर आणि रूसो, एकोणिसाव्या शतकातील बाल्झाक, ह्यूगो, फ्लोबेर आणि बोदलेर, विसाव्या शतकातील प्रूस्त, सार्त्र आणि काम्यू असा प्रवास असतो. अलीकडे अनेक विभागांच्या नावातच ‘फ्रँकोफोन अध्ययन’ हे शब्द जोडले गेले आहेत. फ्रान्सबाहेर, विशेषतः आफ्रिका, कॅरिबियन बेटे, कॅनडाचा क्वेबेक प्रांत आणि हिंदी महासागरातील बेटे येथे फ्रेंचमध्ये लिहिले गेलेले साहित्य त्यात अभ्यासले जाते. सेनेगलचे सेंघोर आणि मार्तिनिकचे एमे सेझेर हे त्यातील अग्रणी कवी.

मराठी वाचकाला यातील मॉरिशस अधिक जवळचे आहे. तेथे एकोणिसाव्या शतकात गिरमिटिया मजूर म्हणून गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज आजही मराठी भाषा आणि गणेशोत्सव जपून आहेत. मात्र त्यांच्या भोवतीच्या समाजाची बोली क्रिओल असून वृत्तपत्रांची भाषा प्रामुख्याने फ्रेंच आहे. भारतीय वंशाच्या आनंदा देवी यांच्यासारख्या मॉरिशियन लेखिकेने कादंबरीलेखनासाठी फ्रेंचचीच निवड केली. त्या बेटावरील आपल्या माणसांचे जीवन समजून घेण्यासाठी मराठीच्या जोडीला फ्रेंच असणे लाभदायक ठरते.

भाषांतराचा एकेरी रस्ता

मोलिएरची नाटके मराठी रंगभूमीला नवी नाहीत. हरि नारायण आपटे यांचे ‘मारून मुटकून वैद्यबुवा’ आणि आचार्य अत्रे यांचे ‘कवडीचुंबक’ ही मोलिएरच्या नाटकांची रूपांतरे होत. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्नच्या कथा मराठी मुलांच्या हाती दिल्या. तरीही मराठीत आलेले बरेचसे फ्रेंच साहित्य इंग्रजीच्या दारातून आले आहे. दोन भाषांतरांच्या चाळणीतून मूळ लेखकाचा सूर किती उरतो, हा प्रश्न म्हणूनच शिल्लक राहतो.

थेट संबंध जुळल्यावर काय साधते, याचे उदाहरण ज्यूल ब्लॉक यांच्या ग्रंथाने घालून दिले आहे. मराठी भाषेच्या जडणघडणीवरील त्यांचा मूलभूत अभ्यास १९२० मध्ये फ्रेंचमध्ये प्रसिद्ध झाला. वा. गो. परांजपे यांनी तो ‘मराठी भाषेचा विकास’ या नावाने १९४१ मध्ये मराठीत आणला. या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद त्यानंतर कित्येक वर्षांनी झाला. एका मराठी अभ्यासकाला फ्रेंच येत होते, म्हणून मराठी वाचकाला आपल्याच भाषेचा इतिहास इंग्रजीची वाट न पाहता वाचता आला. उलट दिशेने गी दल्युरी यांनी तुकारामांचे अभंग फ्रेंचमध्ये नेले, तर गी प्वातवँ यांनी दया पवारांचे ‘बलुतं’ फ्रेंच वाचकांपर्यंत पोहोचविले. मात्र हे दोघेही फ्रान्सचे होते. मराठी घरांतून आलेल्या अनुवादकांची जागा येथे अजून बरीच रिकामी आहे.

गोव्यातील परंपरा आणि आजच्या वाटा

गोमंतकाला फ्रेंच परकी नाही. कांदोळी येथे १७५६ मध्ये जन्मलेले आबे फारिया यांनी संमोहनावरील आपला ग्रंथ १८१९ मध्ये फ्रेंचमध्येच प्रसिद्ध केला. नावेलीचे फ्रान्सिस्को लुईस गोमिश यांनी कवी लामार्तिन यांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे आणि अर्थशास्त्रावरील त्यांचा १८६७ मधील ग्रंथही फ्रेंचमध्ये आहे. पोर्तुगीज काळात लिसेंवच्या अभ्यासक्रमात फ्रेंच होती आणि आजही राज्यातील अनेक शाळांत ती शिकविली जाते. गोवा विद्यापीठात पदव्युत्तर पातळीवर फ्रेंचचे अध्ययन होते. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमधील विदेशी भाषा विभाग, दिल्लीत जवाहरलाल नेहरू विद्यापीठ, पुदुच्चेरीतील केंद्रीय विद्यापीठ आणि हैदराबादचे भाषा विद्यापीठ हे राज्याबाहेरचे पर्याय आहेत.

व्यवसायाच्या दृष्टीने अध्यापन, अनुवाद, दुभाषेपणा, पर्यटन, परराष्ट्र सेवा आणि बहुराष्ट्रीय कंपन्यांची ग्राहकसेवा अशी क्षेत्रे खुली असतात. बी१ किंवा बी२ पातळी गाठताच मिळणाऱ्या नोकरीसाठी काही विद्यार्थी पदवी अर्ध्यावर सोडतात. हा निर्णय ज्याचा त्याने आपल्या परिस्थितीनुसार घ्यावा. पण एक गोष्ट ध्यानात असावी. साध्या मजकुराचे भाषांतर आता यंत्रेही करू लागली आहेत. करारातील संदिग्ध कलम, कवितेतील सूर किंवा अठराव्या शतकातील सेनानीचे पत्र यांसाठी जाणता माणूसच लागतो आणि तो घडविण्यास वर्षे लागतात.

डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर यांनी पोर्तुगीज दप्तरे वाचून मराठ्यांच्या इतिहासाचे एक नवे दालन उघडले. त्यांच्याजवळ इतिहासाची ओढ होती, तशीच त्या दप्तरांची भाषाही होती. हैदराबाद, पुदुच्चेरी आणि पुणे यांच्यातील फ्रेंच व्यवहाराचे असेच दालन मराठी अभ्यासकासाठी खुले आहे. विद्यापीठात फ्रेंच घेऊ इच्छिणाऱ्या गोमंतकीय विद्यार्थ्याने नोकरीच्या यादीबरोबर हे कामही विचारात घ्यावे. अक्षरओळखीपासून जुन्या पत्रांपर्यंतची ही वाट पाच-सहा वर्षांची आहे, आणि त्या वाटेवर अजून गर्दी नाही.