कोरी तबकडी आणि कोरलेला ताम्रपट

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा परिसर हादरला. लातूर आणि उस्मानाबाद (आजचा धाराशिव) जिल्ह्यांतील हजारो माणसे दगडमातीच्या भिंतींखाली गाडली गेली. पुढच्या वर्षी आम्ही काही शिक्षकांनी वाचलेल्या माणसांच्या आठवणी कॅसेटवर नोंदवून घेतल्या. २००२ साली तो आवाज संगणकात घेऊन सीडीवर उतरवला. बाजारात मिळाल्या त्या सर्वांत स्वस्त कोऱ्या सीडी आणल्या, प्रत्येकीच्या दोन प्रती केल्या आणि काम झाले, असे मानले. भूकंपाला वीस वर्षे झाली तेव्हा मुलांना ऐकवण्यासाठी त्या बाहेर काढल्या, तर निम्म्याहून अधिक सीडी संगणक वाचेचना. दुसऱ्या प्रतींचीही तीच गत, कारण त्या त्याच पाकिटातल्या होत्या आणि त्याच लोखंडी कपाटात ठेवलेल्या होत्या. एका सहकाऱ्याने टाकून न दिलेल्या काही कॅसेट मात्र अजून वाजत होत्या.

आमचे चुकले कोठे? हा प्रश्न केवळ सीडीपुरता नाही. नोंद टिकवायची तर साधन कसे निवडावे, याचा विचार आपल्याच प्रदेशात फार पूर्वी झालेला आहे.

राष्ट्रकूट राजे स्वतःला 'लत्तलूरपुरवराधीश्वर' म्हणवीत. हे लत्तलूर म्हणजे आजचे लातूर, असे अभ्यासक मानतात. नांदेड जिल्ह्यातील कंधार हेही राष्ट्रकूटांचे महत्त्वाचे ठाणे होते. राजाने गाव किंवा जमीन दान दिली की तिची सनद तांब्याच्या पत्र्यावर कोरत. हे ताम्रपट पाहताना आपण मजकुराकडे पाहतो. पण घडणही पाहण्यासारखी असते. बहुधा तीन पत्रे असत. पहिल्याची आणि शेवटच्याची बाहेरची बाजू कोरी ठेवत, म्हणजे घासले जायचे ते कोऱ्या बाजूने. पुष्कळ पत्र्यांच्या कडा किंचित उचललेल्या असतात, त्यामुळे पत्रे एकमेकांवर ठेवले तरी अक्षरे अक्षरांना घासत नाहीत. सर्व पत्रे एका कडीत ओवून कडीच्या सांध्यावर राजमुद्रा बसवत, म्हणजे मधला पत्रा कोणी बदलू नये. साधन कोठे दुबळे आहे हे ओळखून त्याची काळजी आधीच घेतलेली होती.

आता सीडीकडे वळू. फिलिप्स आणि सोनी या कंपन्यांनी सीडीचे प्रमाण १९८० साली ठरवले आणि १९८२ मध्ये ती बाजारात आली. ती कारखान्यात छापलेली असे. घरी नोंद करता येईल अशी कोरी सीडी जपानच्या तायो युदेन या कंपनीने १९८८ मध्ये पुढे आणली. एका सीडीत ६५० मेगाबाइट, म्हणजे सुमारे साडेचारशे फ्लॉपींचा मजकूर मावू लागला. भारतात मोझर बेअर या कंपनीने १९९९ पासून कोऱ्या सीडी बनवायला सुरुवात केली आणि काही वर्षांतच ती जगातील मोठ्या उत्पादकांपैकी एक झाली. नांदेड-लातूरच्या दुकानांतही दहा-वीस रुपयांत कोरी सीडी मिळू लागली ती याच काळात. स्वस्ताईमुळे शाळांची सोय झाली, पण किमतीवरून दर्जा ओळखण्याचा मार्गही राहिला नाही.

सीडीचे दुबळे अंग वर्गात दाखवता येते. नको असलेली सीडी घ्या. नाव छापलेल्या बाजूवर टाचणीने एक ओरखडा काढा, त्यावर चिकटपट्टी दाबून बसवा आणि झटक्याने ओढा. चकाकणारा थर पट्टीला चिकटून निघून येईल आणि हातात पारदर्शक पॉलिकार्बोनेट उरेल. सीडीची जाडी १.२ मिलिमीटर. त्यातील बहुतेक सगळी जाडी लेझरच्या बाजूच्या प्लास्टिकची. नोंद असते ती वरच्या, नावाच्या बाजूला, लाखेसारख्या अगदी पातळ लेपाखाली. आपण जपतो चकचकीत बाजू आणि सीडी मेजावर पालथी ठेवतो. खरे तर खालच्या बाजूचा ओरखडा पुष्कळदा चालून जातो, वरच्या बाजूचा मात्र नोंदच खरवडून नेतो. डीव्हीडीत नोंद दोन पातळ तबकड्यांच्या मध्ये असते, म्हणून तिच्यावर हा प्रयोग साधत नाही.

कोऱ्या सीडीत या परावर्तक थराखाली रंगद्रव्याचा थर असतो. लेझरच्या उष्णतेने त्यावर खुणा उमटतात. ज्याच्यावर उष्णता आणि प्रकाश यांचा परिणाम होतो ते द्रव्य उन्हातही बदलणार, हे उघड आहे. जुन्या सायनाइन रंगद्रव्याच्या सीडी हिरवट-निळसर दिसत आणि प्रकाशाने लवकर खराब होत. थॅलोसायनाइनच्या सीडी फिकट दिसतात आणि प्रकाशाला अधिक टिकतात. ॲझो रंगद्रव्याच्या सीडी गडद निळ्या असतात. परावर्तक थर बहुधा चांदीचा असतो. चांदीला हवेतील गंधकाची संयुगे काळे पाडतात, हे घरातल्या भांड्यांवरून आपल्याला माहीतच आहे. सोने काळे पडत नाही, म्हणून दीर्घकाळ टिकवायच्या सीडींना सोन्याचा थर देत. वेष्टनावरचे नाव मात्र पुरेसे नसे. एकाच नावाखाली निरनिराळ्या कारखान्यांचा माल येई. खरा उत्पादक कळे तो तबकडीतच नोंदलेल्या संकेतावरून. संगणकावर तो वाचता येतो.

आणखी एक गोष्ट आम्हांला उशिरा कळली. सीडीवर मजकुराबरोबर चुका दुरुस्त करण्यापुरती जादा माहितीही नोंदलेली असते. तबकडी खराब होऊ लागली तरी यंत्र चुका मुकाट्याने दुरुस्त करत राहते आणि ऐकणाऱ्याला काही कळत नाही. चुका दुरुस्तीच्या पलीकडे गेल्या की तबकडी एकाएकी बंद पडते. म्हणून 'परवा तर चालत होती' हा काही पुरावा नव्हे. चुकांची संख्या मोजणाऱ्या आज्ञावल्या असतात. त्या दरवर्षी चालवल्या तर तबकडी बंद पडण्याआधी नवी प्रत काढता येते.

तेव्हा आजही तबकडी घ्यायची तर आधी थोड्याच घ्याव्यात, नोंद झाल्यावर लगेच पूर्ण तपासावी आणि मगच मोठी खरेदी करावी. कागदी चिकटपत्रे लावू नयेत. नाव लिहायचे ते पाण्याच्या शाईने, मधल्या पारदर्शक कड्यावर. तबकडी डबीत उभी, अंधाऱ्या आणि थंड जागी ठेवावी. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा खिडकीजवळचे लोखंडी कपाट म्हणजे भट्टीच. दुसरी प्रत दुसऱ्या उत्पादकाच्या तबकडीवर किंवा हार्ड डिस्कवर, आणि दुसऱ्या इमारतीत असावी.

एवढे करूनही एक धोका उरतो, वाचणाराच नाहीसा होण्याचा. नांदेड जिल्ह्यातील माहूर हे महानुभाव पंथाचे महत्त्वाचे स्थान. या पंथाने आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहिले. पोथ्या शतकानुशतके नकलून टिकवल्या गेल्या, पण बाहेरच्या अभ्यासकांना ती अक्षरे वाचता आली विसाव्या शतकाच्या आरंभी, जेव्हा लिपीची किल्ली हाती आली. सीडीचेही तसेच होऊ घातले आहे. तायो युदेनने २०१५ अखेर हा व्यवसाय थांबवला. मोझर बेअर २०१८ मध्ये अवसायनात निघाली. नव्या संगणकांत सीडी वाचण्याची सोय बहुधा नसते. शाळेच्या कपाटात जुन्या सीडी असतील तर वाचणारे यंत्र शाबूत आहे तोवरच त्यांची नक्कल करून घ्यायला हवी.

उरलेल्या कॅसेटवरचा आवाज आम्ही पुन्हा उतरवून घेतला आहे. आता त्याच्या तीन प्रती तीन गावांत आहेत आणि दरवर्षी सप्टेंबरात दहावीची मुले त्या लावून तपासतात. तपासण्यासाठी का होईना, त्या आठवणी दरवर्षी ऐकल्या जातात.