‘म्यूरिओस’, ‘अयुत’ आणि ‘लाख’ : विपुलतावाचक शब्दांचा ऐतिहासिक अर्थ

प्राचीन साधनांमध्ये सैन्य, लूट, दान अथवा प्राणहानी यांचा प्रचंड आकडा आढळला की तो खरा की खोटा, असा प्रश्न बहुधा प्रथम विचारला जातो. वास्तविक त्याआधी, तो शब्द त्या ठिकाणी संख्या सांगतो की केवळ विपुलता, हे ठरविणे आवश्यक असते. ग्रीक भाषेतील ‘म्यूरिओस’ हा शब्द या दृष्टीने उद्बोधक आहे. आणि त्याच्याशी तुलना करण्याजोगी महत्त्वाची भारतीय सामग्री खानदेशशी निगडित आहे.

होमरच्या काव्यात ‘म्यूरिओस’ म्हणजे अगणित. ‘इलियड’च्या आरंभी अकिलीसच्या क्रोधामुळे ग्रीकांवर ओढवलेल्या दुःखांना हेच विशेषण लावले आहे, तेथे ‘दहा हजार दुःखे’ असा अर्थ घेणे हास्यास्पद ठरेल. पुढे याच शब्दाचे अनेकवचन नेमके दहा हजार या अर्थाने रूढ झाले आणि ‘म्यूरिआस’ हे दहा हजारांच्या गटाचे नाव बनले. व्याकरणकारांनी स्वराघाताच्या जागेवरून दोन्ही अर्थ वेगळे केले. तथापि जुना अर्थ लोपला नाही.

हिरोडोटसने झर्क्सिसच्या सैन्याची मोजणी कशी झाली हे सांगितले आहे. दहा हजार माणसे दाटीने उभी करून त्यांच्याभोवती वर्तुळ आखले, त्या रेषेवर बेंबीइतक्या उंचीची भिंत बांधली आणि मग तुकड्यामागून तुकडी आत भरून सैन्य मोजले. निष्पन्न झालेली संख्या १७० म्यूरिआस, म्हणजे १७ लाख. आधुनिक इतिहासकार ती मान्य करीत नाहीत. मोजणीचे वर्णन इतके काटेकोर असूनही फलित अविश्वसनीय ठरावे, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. येथे म्यूरिआस हे माप आहे आणि विस्मयही आहे.

इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात आर्किमिडीजला विश्व भरून टाकणाऱ्या वाळूचे कण मोजावयाचे होते, तेव्हा म्यूरिआसच्या पुढे स्वतंत्र संख्यानाम त्याला उपलब्ध नव्हते. म्हणून त्याने म्यूरिआसची म्यूरिआसपट, म्हणजे दहा कोटी, हेच नवे एकक मानून पुढची रचना उभारली आणि वाळूचे कण एकावर ६३ शून्ये इतक्या संख्येहून कमीच भरतील असे दाखविले. ‘अगणित’ मानलेली वस्तू गणनेच्या कक्षेत आणणे हाच त्या ग्रंथाचा हेतू होता.

संस्कृतमधील ‘अयुत’ हा ‘म्यूरिआस’चा संख्येने तंतोतंत समानार्थी शब्द. मात्र येथे तो शेवटचा टप्पा नसून मधली पायरी आहे. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त (इ. स. ११५०) एकापासून परार्धापर्यंत १८ स्थाने दिली आहेत, प्रत्येक मागच्याच्या दसपट, आणि परार्ध म्हणजे एकावर १७ शून्ये. पूर्वसूरींनी ही नावे व्यवहारासाठी योजली, असे ते म्हणतात. जे खरोखर मोजता येत नाही त्यासाठी त्यांनी ‘खहर’, म्हणजे ज्याचा छेद शून्य आहे अशी राशी, ही वेगळीच संज्ञा वापरली. संख्या आणि अनंत यांचा भार एकाच शब्दावर पडला नाही, हे या परंपरेचे मोठेच बळ होय.

अर्थात नावे स्थिर होती असे नव्हे. यजुर्वेदाच्या गणनेत अर्बुद म्हणजे एक कोटी, भास्कराचार्यांकडे दहा कोटी, तर त्यापासून आलेल्या हिंदी ‘अरब’चे मूल्य शंभर कोटी आहे.

भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी चाळीसगावजवळील पाटणे येथे त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापिला. चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. निकुंभवंशीय सोईदेवाने शके ११२८ मध्ये (इ. स. १२०७) या मठास दान दिले. भाऊ दाजी लाड यांनी प्रकाशात आणलेल्या व कीलहॉर्न यांनी पुढे संपादिलेल्या या लेखाचा अखेरचा भाग मराठीत आहे. पाटणच्या बाजारात येणाऱ्या मालावरील राजाचा हिस्सा मठाला दिल्याचे आणि दर घाण्यामागे पळीभर तेल द्यावयाचे, असे त्यात नमूद आहे. परार्धापर्यंतची गणना शिकविणारी विद्या तेलाच्या पळीवर पोसली जात होती! या लेखातील पळी शब्दशः घ्यावयाची, हे वेगळे सांगावयास नको. करारवजा लेखात शब्द सैल राहून चालत नाही.

मराठीत ‘अयुत’ व्यवहारातून गेला आणि ‘म्यूरिओस’चे दुहेरी काम ‘लाख’ने पत्करले. लाख रुपये ही संख्या; लाखमोलाचा माणूस ही नव्हे. पानिपतानंतर (१७६१) ‘सव्वा लाख बांगडी फुटली’ असे म्हटले जाऊ लागले. त्यातील ‘सव्वा’मुळे मोजणीचा भास होतो, प्रत्यक्षात सव्वा रुपयाच्या दक्षिणेप्रमाणे तोही रूढीचाच भाग आहे. वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेच्या पहिल्या खंडाच्या (१८९८) प्रस्तावनेत बखरींतील पानिपतची वर्णने समकालीन पत्रांशी ताडून पाहिली. १९२६ मध्ये धुळे येथे त्यांचे निधन झाल्यावर पुढील वर्षी तेथेच त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. त्यांच्या पद्धतीने पाहता मृतांची संख्या ठरविताना ‘सव्वा लाख बांगडी’ पुरावा म्हणून घेता येत नाही. मात्र त्या पराभवाचा घाव मराठी समाजाने पुरुषांच्या नव्हे, विधवांच्या गणतीत मांडला, एवढे त्या वाक्प्रचारावरून निश्चित कळते.