दुकान एकाचं, भिंती दुसऱ्याच्या

२०२२ सालच्या फेब्रुवारीतल्या शेवटच्या शनिवार-रविवारी देशभरातली कितीतरी बिग बझार उघडलीच नाहीत. कंपनीवर दिवाळखोरीची कारवाई अजून सुरू व्हायची होती. दुकानं कुणी विकतही घेतली नव्हती. फक्त त्यांच्या जागांचे भाडेकरार दुसऱ्याच्या हातात गेले होते. एवढा मोठा पसारा एका कागदावर कसा अडकला, हे कळायला वीस वर्षं मागे जावं लागतं.

२००१ साली किशोर बियाणींनी कोलकाता, बंगळुरू आणि हैदराबादला बिग बझार उघडलं. नमुना म्हणून त्यांच्यासमोर परदेशी दुकानापेक्षा चेन्नईच्या टी. नगरमधलं सरवणा स्टोअर्स होतं. तिथली गर्दी, ढिगाने रचलेला माल, स्वस्त भाव. बियाणींचा हिशोब साधा होता: चकाचक, मोकळं दुकान दिसलं की आपल्याकडचा माणूस ‘हे महाग असणार’ म्हणून दारातूनच परत फिरतो. म्हणून बिग बझारमध्ये मुद्दाम दाटी ठेवली. तांदूळ-डाळी उघड्या ठेवल्या, हात घालून बघता येतील अशा.

मुंबईत हे दुकान लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या आवारात आलं. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या संपानंतर गिरणगाव मोडत गेलं. जिथे सूत निघायचं, तिथे ट्रॉल्या फिरू लागल्या. गिरणी गेली, जागा राहिली. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

२६ जानेवारी २००६ला ‘सबसे सस्ता दिन’ जाहीर झाला आणि एवढी झुंबड उडाली, की काही ठिकाणी पोलीस बोलवावे लागले, दुकानं वेळेआधी बंद करावी लागली. पुढची कित्येक वर्षं २६ जानेवारी जवळ आली, की आमच्या घरी झेंडावंदनाआधी तेलाच्या डब्यांचा हिशोब व्हायचा. तुमच्यापैकीही अनेकांनी आईबाबांबरोबर त्या रांगेत पाय दुखवून घेतले असतील.

पण स्वस्त विकणाऱ्याला प्रत्येक वस्तूमागे थोडंच सुटतं. नफा हवा तर खूप विकायचं, खूप विकायचं तर दुकानं वाढवायची, आणि त्यासाठी कर्ज काढायचं. दुकान चालो न चालो, भाडं आणि व्याज चुकत नाही. कर्ज हलकं करण्यासाठी २०१२ साली ‘पँटालून्स’ आदित्य बिर्ला समूहाला देण्याची वेळ आली होती. मग मार्च २०२०मध्ये टाळेबंदी आली. गिऱ्हाईक थांबलं, भाडं थांबलं नाही.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रिलायन्सने फ्युचर समूहाचा हा व्यवसाय २४,७१३ कोटींना घ्यायचं ठरवलं. ॲमेझॉनने हरकत घेतली. त्यांनी २०१९मध्ये समूहातल्या ‘फ्युचर कूपन्स’ कंपनीत ४९ टक्के हिस्सा घेतला होता आणि त्या करारानुसार असा सौदा करताच येत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. वाद सिंगापूरच्या लवादापासून दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

सौदा लटकलेला असतानाच भाडी थकत गेली. रिलायन्सने अनेक जागांचे करार जागामालकांकडून आपल्या नावावर घेतले आणि त्याच जागा फ्युचरला पोटभाड्याने दिल्या. पोटभाडंही थकल्यावर ते करार रद्द केले. फ्युचर रिटेलच्या ८३५ दुकानांना नोटिसा गेल्या, त्यातली ३४२ मोठी. वकील मालकीवर भांडत होते, इकडे पाट्या उतरत होत्या.

एप्रिलमध्ये बँकांनी सौद्याविरुद्ध मत दिलं आणि तो मोडला. जुलै २०२२मध्ये दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली, दोन वर्षांनी कंपनी गुंडाळण्याचा आदेश निघाला. अशा वेळी वसुलीत तारण असलेल्या बँका पुढे असतात. उधारीवर माल दिलेला छोटा पुरवठादार रांगेत बराच मागे असतो. रिलायन्सने दुकानातल्या कर्मचाऱ्यांना नोकरी देऊ केली. पुरवठादाराच्या थकलेल्या बिलांसाठी असं नवं दार कुठून येणार?

त्यातल्या बऱ्याच जागी आज ‘स्मार्ट बझार’ची पाटी आहे. आपण ब्रँडचा उदय-अस्त मोजतो, मालक कोण जिंकला ते बघतो. मला मात्र फिनिक्सचं आवार आठवतं. जागा मागे राहते आणि नव्या भाडेकरूला तीच गिऱ्हाइकं मिळतात. ज्याची बिलं अजून थकलेली आहेत, त्याचं नाव कुठल्याच पाटीवर कधी नव्हतं.