तण की भाजी? स्वाझी चुलीवरचा इतिहास

एस्वातिनी म्हणजे २०१८ पर्यंतचा स्वाझीलँड, दक्षिण आफ्रिकेला लागून असलेला छोटासा देश. त्याचा इतिहास वाचायला घेतला की राजे, गुरं आणि जमिनीचे करार भेटतात. संध्याकाळी चुलीवर काय शिजत होतं, ते मात्र शोधावं लागतं.

शिजत होता उंबिद्वो. हे एका भाजीचं नाव नाही. रानातली असो की परसातली, शिजवलेली पालेभाजी म्हणजे उंबिद्वो. इंबुया आपल्या माठाच्या कुळातली. लिगुशा तागाच्या जातीची, शिजली की भेंडीसारखी बुळबुळीत. इंकाखा कारल्याची भाऊबंद, म्हणून कडू. आणि चुचुझा, जिची काळी कुसळं चालताना कपड्यांना चिकटतात. कोवळी पानं खुडायची, चिरायची, थोड्या पाण्यात मीठ घालून शिजवायची आणि वरून कुटलेले शेंगदाणे. हो, आपलं दाण्याचं कूटच! ते मिळून येईपर्यंत मंद आचेवर ठेवायचं. कडवटपणा मवाळ होतो, भाजीला अंग येतं. सोबत मक्याच्या पिठाची घट्ट उकड, लिपालिशी.

आता गंमत बघा. मका मूळचा अमेरिकेतला, भुईमूगही तिथलाच, आणि चुचुझासुद्धा समुद्रापलीकडून आलेली. म्हणजे ताटातलं बरंचसं गेल्या काही शतकांतलं. तरी मी याला परंपराच म्हणेन, कारण आलेल्या नव्या तणातलं कोणतं पान कधी खुडायचं, कशात मिसळायचं, हे बायकांनी ठरवलं आणि लेकींना शिकवलं.

'रानभाजी' म्हटलं की आपल्याला जंगल दिसतं. इथे ती बहुतेक मक्याच्या शेतातच उगवते. ऑक्टोबरच्या आसपास पाऊस सुरू होतो, मका पेरतात. ओली कणसं हाती यायला जानेवारी-फेब्रुवारी उजाडतो. कणगी रिकामी होत आलेली असते ती याच दिवसांत, आणि हा पाला उगवतो तोही याच दिवसांत. खुरपणी करणारी बाई जून झाड बांधावर टाकते, कोवळं टोपलीत. खुरपणी आणि भाजी खुडणं, एकाच फेरीत दोन्ही.

या शेतावरच घाला आला. राजा म्बांदझेनीच्या काळात, १८८०च्या दशकात, गोऱ्यांना वाटलेल्या सवलतींचा गुंता ब्रिटिशांनी १९०७च्या जाहीरनाम्याने सोडवला, तो असा, की सुमारे दोन तृतीयांश जमीन स्वाझींच्या हातून गेली. ती विकत घेण्यासाठी राणी लाबोत्सिबेनीने निधी उभारला आणि तरुणांना ट्रान्सवालच्या खाणींत कमवायला धाडलं. ही गोष्ट पुस्तकांत आहे, असायलाच हवी. पण पुरुष खाणीत गेल्यावर उरलेल्या तुकड्यावर खुरपं कोण चालवत होतं, रोजचं कालवण कुठून येत होतं? माझ्या मते जमिनीच्या त्या लढ्याचा अर्धा हिशेब इथे आहे, आणि तो फारसा मांडला जात नाही. कारण सरकारी तक्त्यात मक्याला रकाना असतो, गुरांना असतो, तणाला नसतो.

१९८५ मध्ये ब्रिटा ओगल आणि लुई ग्रिव्हेटी यांनी स्वाझीलँडच्या खाण्याजोग्या रानवनस्पतींचा अभ्यास प्रसिद्ध केला. यादी दोनशेच्या वर गेली! तोवर बाजारात कोबी आला होता, आणि रानातला पाला गरिबाघरचा ठरू लागला होता. पुढे तणनाशकही आलं. ते फवारलं की खुरपणी वाचते, आणि टोपली रिकामी राहते.