चौदा नंबरची खुर्ची

खुर्चीचा इतिहास म्हटला की श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे सिंहासने उभी राहतात. आम्ही बोलणार आहोत ते उपाहारगृहातल्या एका खुर्चीविषयी. मुंबईच्या इराण्याकडे चहा घेतलेल्यांना तिची जात ठाऊक आहे : गोल बैठक, पाठीला वाकवलेल्या लाकडाची कमान, तिच्या पोटात दुसरी धाकटी कमान. तिचे मूळ व्हिएन्नाचे, साल १८५९. मिखाएल टोनेट या सुताराच्या कारखान्याने ती काढली आणि आपल्या यादीत तिला चौदावा आकडा दिला.

टोनेट १७९६ साली ऱ्हाइनकाठच्या बोपार्ड गावी जन्मला. प्रथम तो लाकडाचे पातळ पापुद्रे सरसाने एकावर एक चिकटवून वाकवी. पण दमट हवेत सरस सुटे. मग हा माल समुद्रापार धाडावा कसा? म्हणून बीचची अख्खी काठी वाफेने मऊ करून वाकवण्याच्या तो मागे लागला. काठी वाकवली की आतली बाजू दबते आणि बाहेरची ताणली जाते. लाकूड दाब सोसते, ताण सोसत नाही, बाहेरून फाटते. टोनेटने बाहेरच्या अंगाला पोलादी पट्टी आवळली. ताण पट्टीने घेतला, लाकूड नुसते दबले. मग साच्यासकट वाळवायचे. ही युक्ती सुचली ती रंधा मारलेल्या माणसाला, पुस्तकी पंडिताला नव्हे, एवढे सांगितल्यावाचून आम्हांला राहवत नाही! १८५६ साली तिचा हक्क त्याला मिळाला; पुढच्याच वर्षी मोराविया प्रांतात कोरिचानी येथे, बीचच्या जंगलाशेजारी, कारखाना निघाला.

सहा तुकडे, दहा स्क्रू, दोन नट : झाली खुर्ची. सुट्या केलेल्या ३६ खुर्च्या एक घनमीटर खोक्यात मावत. ज्या सांध्यापायी सुताराच्या पोराने वर्षानुवर्षे उमेदवारी करायची, तो सांधाच उरला नाही. खेड्यातला शेतमजूर काठ्या वाकवू लागला, बायका बैठकीचा वेत विणू लागल्या. एकाच हातून अख्खी खुर्ची उतरत नसे, आणि मजुरीच्या घासाघिशीत ही गोष्ट कोणाच्या पथ्यावर पडते, हे गिरणगावाला शिकवायला नको.

तरीही यंत्राला शिव्या घालणाऱ्यांत आम्ही नाही. खुर्ची स्वस्त झाली म्हणून ती चहा-कॉफीच्या दुकानांत आली, आणि साधा माणूस पाठ टेकून बसला. १९३० पर्यंत अशा सुमारे ५ कोटी खुर्च्या खपल्या. १८६९ मध्ये हक्क संपताच इतर कारखानदारही तसला माल काढू लागले. १९२५ च्या पॅरिस प्रदर्शनात ल कॉर्ब्युझिए याने आपल्या नमुन्याच्या घरात टोनेटच्याच वाकीव लाकडाच्या खुर्च्या मांडल्या. आता ही खुर्ची संग्रहालयांत आहे. खालच्या पाटीवर नाव एकट्या टोनेटचे.

मोरावियातच बिस्त्रित्से येथे टोनेटांनी १८६१ मध्ये काढलेला कारखाना दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारजमा झाला. नाव बदलले, मालक बदलले, पण चौदा नंबर अजून तेथे होते. वाफेच्या पेटीतून निघालेली काठी तेथे अजून माणसेच हातांनी साच्यावर वळवतात, आणि ती निवण्याच्या आत वळवावी लागते.