आजीचा बल्ब आणि एडिसनची तार

मी मोर्स पाठवायला बसलो की आजी स्वयंपाकघरातून ओरडायची, "अरे, बल्ब डोळे मिचकावतोय!" माझा संदेश परदेशात पोचो न पोचो, आमच्या वाड्यातल्या साठच्या बल्बवर तो स्वच्छ वाचता यायचा. हॅम रेडिओचा परवाना नवा होता, आणि टेबलावर घरीच जुळवलेला लिनियर ॲम्प्लिफायर. अशक्त सिग्नलला दांडगा करणारं यंत्र. खातंही दांडगंच.

त्याच सुमारास अमेरिकेतल्या एका मराठी हॅमशी गप्पा व्हायच्या. ॲम्प्लिफायर घेतल्यावर त्याला आधी इलेक्ट्रिशियन बोलवावा लागला, २४० व्होल्टची स्वतंत्र लाइन ओढायला. मला हसू आलं. आमच्याकडे प्रत्येक सॉकेटला २३० येतात की! मग त्याचं घर असं का?

उत्तर थेट ४ सप्टेंबर १८८२ला जातं. त्या दिवशी न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर एडिसनचं वीजकेंद्र सुरू झालं. पुरवठा डीसी, साधारण ११० व्होल्ट, कारण त्याच्या कार्बन-तंतूच्या दिव्याला तेवढेच मानवत. पण व्होल्ट कमी की करंट जास्त, करंट जास्त की तांबं जाड, आणि तांबं महाग. यावर त्याने तीन तारांची युक्ती काढली: मधली न्यूट्रल, कडेच्या दोन तारांत दुप्पट दाब. तांबं निम्म्याहून जास्त वाचलं. पुढे डीसी गेला, एसी आला, तरी ती रचना अमेरिकी घरात अजून आहे. दिव्यांना १२०, ओव्हन आणि ड्रायरला २४०. युरोपात नवे दिवे जास्त दाब सोसू लागल्यावर दाब दुप्पट झाला. अमेरिकेत तोवर एवढी उपकरणं घरोघर होती की बदलणं परवडेना. आपल्याकडे ब्रिटिशांची वाट आली.

आता हिशोब करा. अमेरिकेत हॅमला १५०० वॅटपर्यंत आउटपुट चालतं. कार्यक्षमता साठ टक्के धरली तर भिंतीतून २५०० वॅट हवेत. १२० व्होल्टला ते होतात जवळपास २१ अँपिअर, आणि तिथली साधी लाइन १५ किंवा २० अँपिअरची. २४०वर करंट निम्मा, आणि त्याच तारेत उष्णता चौथाई. शिवाय ॲम्प्लिफायर इस्त्रीसारखा संथ जळत नाही. मोर्सच्या प्रत्येक ठोक्याला, बोलताना प्रत्येक शब्दाला, तो गचके देतो.

पण माझी मर्यादा ४०० वॅटची. फार तर तीन अँपिअर. मग आजीचा बल्ब का लवायचा?

कारण आमच्या भिंतीचा इतिहास वेगळा होता. पूर्वी विजेचे दर लाइटला निराळे, पॉवरला निराळे. त्यामुळे वायरिंगही दोन: बारीक तार ५ अँपिअरच्या सॉकेटला, जाड तार १५च्या. (हल्ली हेच ६ आणि १६ झालेत.) वाड्यात फक्त लाइट आली होती. त्याच एका बारीक तारेवर पुढे इस्त्री, फ्रिज, मिक्सर चढत गेले. शेवटी मी.

स्पर्धेची रात्र होती. फ्यूज दोनदा उडाला. तिसऱ्यांदा मी चिनी मातीच्या कटआउटमध्ये फ्यूज-वायरऐवजी तांब्याच्या तीन लडी पिळून बसवल्या आणि खुर्चीत परत आलो. आजही हे लिहिताना लाज वाटते. तासाभराने जळका वास आला. लाकडी पट्टीतला एक पिळलेला जोड वितळत होता, टेप गळत होती, लाकूड काळं पडलं होतं. फ्यूज अर्थातच उडाला नव्हता. त्या पट्टीखाली आजीची खाट.

मेन बंद केला. आजीला उठवलं नाही, दुसरीकडे झोपवायचंही सुचलं नाही. पट्टीला हात लावत रात्रभर उभा राहिलो.

आठवडाभरात मीटरपासून स्वतंत्र ७/२०ची तार आली, वेगळा एमसीबी, चांगलं अर्थिंग. "गीझर का?" इलेक्ट्रिशियनने विचारलं. "रेडिओ," म्हटल्यावर त्याने माझ्याकडे नीट पाहिलं.

त्या रात्री मी दोन तास मोर्स पाठवला. सकाळी चहा देताना आजी म्हणाली, "काल कुणी भेटलं नाही का रे? बल्ब हललाच नाही."